धरल्यावर, धरताच

९ जानेवारी, गुरुवार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. इकडे सगळे ठीक. लेकीची परीक्षा संपली, ह्यांची पाठ अजून धरलेलीच आहे. फोनवर तुला आता ऐकू येत नाही आणि मेसेजमध्ये मी निम्मी हकिकत खाते असं तुझं म्हणणं, म्हणून हे पत्र. बिनतारी संदेशात जन्म घालवलेल्या माणसाला पोस्टाने बातमी पाठवते आहे. हस हवं तर.

वहिनीने बजावलं होतं, "जे झालं ते सगळं लिही, तुझ्या पदरचं काही घालू नकोस." तर ऐक.

तुझ्या पेटंटच्या अपिलाच्या सुनावणीला गेले, तर वरच्या कोर्टाच्या दारातच पहारेकऱ्याने पर्स उघडायला लावली. आत चार पेनं. म्हणाला, "बाई, लेखिका का?" म्हटलं, "नाही, प्रूफं तपासते." "म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढता?" "हो." "मग बरोबर ठिकाणी आलात. इथेही तेच चालतं." त्याच्याच विनोदावर तो इतका खूश झाला, की चौथं पेन न बघताच सोडलं.

मला वाटलं होतं खालच्या कोर्टासारखं असेल. बारा जणांची ज्यूरी, साक्षीदार, टेबलावर मांडलेले फोन. तसलं काही नाही. छोटी खोली, उंच बाकावर तीन न्यायाधीश, समोर एक उभा स्टँड आणि त्यावर तीन दिवे. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे बसा. आपल्या वकीलबाईंनी आधीच समजावलं होतं, की इथे पुन्हा खटला चालत नाही. फोनवाल्या कंपनीने तुझी पद्धत वापरली, हे ज्यूरीने ठरवलेलं आहे. आता हे तिघं फक्त कागद बघणार आणि ज्यूरी योग्य वाटेने तिथवर पोचली का, ते सांगणार. पंधरा मिनिटं कंपनीची, पंधरा मिनिटं आपली. तुझी एकवीस वर्षं अर्ध्या तासात.

कंपनीचा वकील म्हणजे काडीसारखा माणूस, आवाज एकदम मऊ. उभा राहिला आणि एक बोट वर केलं. म्हणाला, "माझ्याकडे मुद्दा एकच आहे. मुद्दा कसला, एक शब्द आहे." आणि त्याने तुझ्या पेटंटमधलं पहिल्या दाव्याचं, म्हणजे ‘एवढं माझं’ असा हक्क जिथे सांगतात तिथलं, वाक्य वाचलं. तुला पाठच आहे, तरी लिहिते: ‘नव्या टॉवरचा इशारा मिळाल्यावर, तो तपासून, नवा टॉवर धरताच फोन जुना टॉवर सोडतो.’

तो म्हणाला, "आमचे फोन असं करत नाहीत. ते नवा टॉवर धरतात, मग थांबतात. पापणी लवायला लागतो त्याच्या निम्मा वेळ, पण थांबतात. दोन्ही टॉवर धरून ठेवतात आणि मग जुना सोडतात. दाव्यात ‘धरताच’ आहे."

मधल्या न्यायाधीशबाई चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या, "ताच." एवढंच. मग आपल्या वकीलबाईंकडे वळून, "मी आईला ‘पोचताच फोन करते’ म्हणाले आणि जेवून, झोप काढून मग फोन केला, तर आई काय म्हणेल?"

खोलीत हसू आलं. वकीलबाई पण हसल्या, पण गळ्यापासून वर. त्या म्हणाल्या, बोलण्यात आपण ‘ताच’ इतका काटेकोर वापरत नाही, पेटंटच्या वर्णनात इतरत्र थांबण्याचा उल्लेख आहे, ज्यूरीने नेहमीचा अर्थ घेतला. बाई म्हणाल्या, "नेहमीचा अर्थ कुठला, हे ज्यूरीने ठरवायचं का आम्ही?"

त्यापुढचं मला नीट सांगता येणार नाही. माझं पेन खाली पडलं आणि ते शोधण्यात वेळ गेला. वर आले तेव्हा लाल दिवा लागलेला होता. बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "तुमचा चेहरा किती पांढरा पडलाय." मी म्हटलं, "खोलीत हवा नव्हती."

निकाल यायला तीन-चार महिने लागतील. त्या म्हणतात, घाबरायचं कारण नाही, न्यायाधीश दोन्ही बाजूंना टोचतात. तू औषधं वेळेवर घे.

एक विचारायचं होतं. पेटंटचा अर्ज केला तेव्हाचा पहिला कच्चा मसुदा, हाताने सुधारलेला, तो तुझ्याकडे आहे का अजून? का अर्ज लिहून देणाऱ्या मसुदेकाकांकडे राहिला? काम काही नाही. सहजच.

तुझी,
टाचणी

२३ एप्रिल, बुधवार

प्रिय दादा,

वहिनीने तुला पाटीवर लिहून दाखवलं असेलच. तरी तू म्हणाला होतास, वाईट असलं तर टाचणीने लिहावं, ती नीट लिहिते. म्हणून लिहिते आहे. 

मी ऑफिसात होते. सातवीच्या भूगोलाचं तिसरं प्रूफ समोर, नद्यांची नावं तपासत होते. वकीलबाईंचा मेसेज आला: ‘निकाल फिरला.’ दोनच शब्द. मी तो वाचून चक्क हसले, दादा. फिरला म्हणजे आपल्याकडे फिरला असं वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हटलंसुद्धा, "झालं बाई एकदाचं." जो निकाल आपल्याकडेच होता तो आपल्याकडे कसा फिरेल, हे डोक्यात शिरायला पुरतं एक मिनिट लागलं.  समोरचं नदीचं नाव मी चार वेळा वाचलं आणि ते कुठल्या भाषेतलं आहे हेच कळेना.

बत्तीस पानांचा निकाल आहे. मी जिन्यात पायरीवर बसून वाचला. ज्यूरीचा निर्णय त्यांनी पूर्ण रद्द केला आहे. परत खाली पाठवलेला नाही, नवी ज्यूरी नाही, काही नाही. ते म्हणतात, दाव्यातल्या शब्दाचा अर्थ सांगणं हे आमचं काम, खालच्या न्यायाधीशांनी ते ज्यूरीवर सोडायला नको होतं. आणि ‘धरताच’मध्ये थांबायला जागा नाही. कंपनीचे फोन थांबतात. म्हणजे त्यांनी तुझी पद्धत वापरलेली नाही.

वापरलेली नाही! खालच्या कोर्टात त्यांच्याच इंजिनिअरने कबूल केलं होतं, की तुझा शोधनिबंध त्याच्या टेबलावर होता. तेही निकालात आहे, तळटीपेत, बारीक टाइपात.

नाल्यावरची गोष्टही आहे. तू साक्षीत सांगितलेली. घरामागचा नाला, त्यावरचा सिमेंटचा पाइप, मी सहा वर्षांची, तू अकराचा. अलीकडून तू माझा हात धरलेला, पलीकडून बाबांनी हात पुढे केलेला. बाबांनी धरलं तरी तू सोडेनास. बाबा ओरडले, "अरे सोड आता, दोन तुकडे करशील तिचे!" आणि तू म्हणालास, "थांबा, नीट धरलंय का बघू." ज्यूरीतली ती आजीबाई डोळे पुसत हसली होती. तुझ्या पद्धतीचं सगळं सार त्यात आहे, हे त्या बारा जणांना एका वाक्यात कळलं होतं. निकालात म्हटलंय: ‘आठवण हृद्य आहे. परंतु ती दाव्यात लिहिलेली नाही.’

‘धरताच’ हा शब्द बत्तीस पानांत एक्केचाळीस वेळा आहे. मला सवय आहे, मोजला जातो.

आणि एकोणिसाव्या पानावर हे आहे, तसंच्या तसं उतरवते: ‘वर्णनात सर्वत्र “धरल्यावर” असा प्रयोग आहे. दाव्यात मात्र “धरताच” आहे. लिहिणाराने हा बदल जाणूनबुजून केला, असेच मानले पाहिजे. शब्द वेगळा, तर अर्थ वेगळा.’

जाणूनबुजून, म्हणे.

मी ते वाक्य किती वेळा वाचलं, ते मोजलं नाही.

दादा, एकच विनंती. कुणावर रागावू नकोस. मसुद्यात चूक कुणाच्याही हातून होते. पंधरा वर्षांमागे कुणाला काय माहीत, की एका प्रत्ययावर सगळं अडेल. वहिनी म्हणाली, तू कार्यशाळेचं दार बंद करून बसला आहेस आणि तिने ठोकलेलं तुला कळत नाही. दाराला आतून कडी लावू नकोस. निदान एवढं ऐक.

जास्त लिहवत नाही.

तुझी,
टाचणी

४ मे, रविवार

दादा,

तुझं पत्र परवा मिळालं. सहा ओळी. ‘मसुदेकाकांनी केसाने गळा कापला. मी त्यांना “धरल्यावर” लिहून दिलं होतं, माझ्या वहीत तसंच आहे. चाळीस वर्षं लोकांची पेटंटं लिहिणाऱ्या माणसाला “ताच” कळत नाही? परवाना मंडळाकडे तक्रार तयार आहे. शुक्रवारी, नऊ तारखेला, सही करून देतो.’

ही तक्रार गेली तर म्हाताऱ्याचं नाव मंडळाच्या यादीतून कापलं जाईल. कामातून निवृत्त झाले असले तरी नाव आहे, आणि त्यांची मुलगी त्याच मंडळाच्या परवान्यावर, त्याच पाटीखाली काम करते, हे तुला माहीत आहे. म्हणून मी काल सकाळी त्यांच्याकडे गेले. आणि म्हणून हे पत्र पोस्टाने नाही, माणसाबरोबर पाठवते आहे. बुधवारपर्यंत तुझ्या हातात पडलं पाहिजे.

तिसरा मजला. दार त्यांनीच उघडलं. गुडघे गेले आहेत, भिंत धरून चालतात. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "ये गं टाचणी. मला वाटलं होतं जानेवारीतच येशील."

 मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"कागद माझ्याकडेच आहेत. मी काही फेकत नाही. ही म्हणायची, एक दिवस मलाही भोकं पाडून फायलीत लावाल."

खोलीभर खोकी. प्रत्येकावर वर्ष आणि आडनाव. त्यांनी काठीच्या टोकाने एक दाखवलं, मी ते काढलं. वरून चौथा कागद. तुझं टंकलेलं वाक्य: ‘नव्या टॉवरचा इशारा मिळाल्यावर, तो तपासल्यावर आणि नवा टॉवर धरल्यावर फोन जुना टॉवर सोडतो.’

आणि त्यावर हिरवी शाई.

दादा, ती माझी आहे. आमच्या ऑफिसात लेखक लाल वापरतात, आम्ही हिरवी. ‘तपासल्यावर आणि’ खोडून ‘तपासून,’ केलेलं. ‘धरल्यावर’वर रेघ मारून वर ‘धरताच’. आणि समासात, माझ्या त्या वेळच्या ठसठशीत अक्षरात: ‘ल्यावर तीनदा! कानाला खुपतं.’ उद्गारचिन्हासकट. किती खूश होते मी स्वतःवर, ते त्या उद्गारचिन्हात अजून दिसतं.

आता आठवलं का? माझ्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर. लेक आठ महिन्यांची, मांडीवर. तू सिंकखाली झोपून आमचा नळ दुरुस्त करत होतास. कागद माझ्यापुढे टाकून म्हणालास, "शास्त्राला हात लावू नकोस हां, फक्त भाषा बघ." आणि मी फक्त भाषाच बघितली. वर्णनाची पानं तू आणलीच नव्हतीस, दाव्यांची तेवढी होती. म्हणून तिकडे ‘ल्यावर’ राहिलं आणि इकडे गेलं. त्या तीन न्यायाधीशांना वाटलं, कुणीतरी फार विचार करून हा फरक केला. विचार कसला, दादा. मांडीवरचं मूल किरकिरत होतं आणि एका वाक्यात एक प्रत्यय तीनदा आलेला मला सहन झाला नाही. माझी सगळी हुशारी तेवढीच.

मी पुन्हा तुला वाचून दाखवलं होतं. तू सिंकखालून म्हणालास, "वा, वाचायला गोड झालं." हे माझ्या बचावासाठी लिहीत नाही. तुला तो आवाज आठवावा म्हणून लिहिते आहे. सिंकखालून घुमल्यासारखा येत होता.

मसुदेकाका म्हणाले, "सुधारणा तुझी, पण पुढे पाठवली ती मी. सही माझी. चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, दाव्यात एक शब्द दहादा येऊ दे, पण बदलू नका, इथे गोडवा कामाचा नाही. आणि त्या दिवशी माझाही कान भुलला."

मी विचारलं, "मग दादाला हा कागद दाखवला का नाहीत? तो तुमच्यावर तक्रार करतोय. तुमचं नाव जाईल."

"जाईल तर जाईल. त्याला ऐकू येत नाही, केस गेली. आता बहीणही मी काढून घेऊ?"

वर म्हणतात कसे, "चहा टाक. साखर वरच्या फळीवर आहे. आणि डब्यावर मी चिठ्ठी लावलीय ती तपासू नकोस, चूक असेल."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि गॅस पेटवायचं विसरून पातेल्याकडे बघत राहिले. ‘साखर’ त्यांनी बरोबर लिहिली होती.

आता जे लिहायचं टाळत आले, ते.

मला हे जानेवारीपासून माहीत आहे. पेन पडलं ते पडलं नाही, सुटलं. न्यायाधीशबाईंनी ‘ताच’ म्हटलं त्या क्षणी मला ती हिरवी रेघ दिसली. बाकाखाली वाकले ती वर येववेना म्हणून खाली राहिले. कच्च्या मसुद्याचं तुला विचारलं, ते तुझ्याकडे नाही ना, याची खात्री करायला. तू ‘माहीत नाही’ लिहिलंस आणि मला हायसं वाटलं. पुढचे तीन महिने रोज वाटायचं, ते तिघं मला वाचवतील. निकाल आपल्याकडे राहिला असता, तर मी तुला हे कधीच सांगितलं नसतं. एप्रिलमधल्या पत्रात ‘चूक कुणाच्याही हातून होते’ लिहिलं, तेव्हाही तो ‘कुणी’ मीच होते. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याआड मी लपून बसले होते, आणि तो मला लपू देत होता.

मूळ कागद सोबत जोडला आहे. त्यांनी देताना दोनदा विचारलं, "नक्की?" मी पावती लिहून दिली, त्यांची सवय मोडायला नको म्हणून. तक्रारीवर सही करू नकोस, दादा. करायचीच असली तर नाव बदल. वकीलबाईंना मी काल सांगितलं.  त्या म्हणाल्या, यामुळे कोर्टात आता काही बदलणार नाही, कोर्ट कागद बघतं, कागदामागचा हात नाही. मला वाटलं, निदान बदललं असतं तर बरं झालं असतं.

तुझ्या पद्धतीत जो थांबण्याचा क्षण होता, दोन्ही हात धरून ठेवण्याचा, तोच मी पुसला. नाल्यावर ज्याच्यासाठी तो क्षण तू थांबलास, ती मी. हे मी निकाल वाचल्यापासून कुणाला तरी सांगायला बघते आहे, आणि सांगण्यासारखं माणूस तूच आहेस.

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, समोर जाऊन सांग. पण समोर तुला ऐकू येणार नाही आणि मला पाटीवर हे लिहिता येणार नाही. पाटी पुसली जाते.

शेवटी सवयीने ‘पत्र मिळताच उत्तर पाठव’ असं लिहिलं होतं. खोडलं आहे, खाली दिसेल. तू मला काही लगेच देणं लागत नाहीस. पत्र मिळाल्यावर, दोनदा वाचल्यावर आणि माझ्यावर हवे तितके दिवस रागावून झाल्यावर लिही.

‘ल्यावर’ तीनदा आलं आहे. मी ते तसंच ठेवलं आहे.

अजून चालत असेल तर, तुझी
टाचणी